दाराआडून ‘मी’

यंदा आमच्या घरी दहावी आहे. सईची दहावी असं कुणी म्हणत नाही, घराचीच म्हणतात, आणि ते खरंही आहे. टीव्हीवर जाडजूड चादर पडली आहे, नवरा फोनवर बोलायला जिन्यात जातो, आणि दिवसभर शाळेत दुसऱ्यांच्या मुलांना मराठी शिकवून आलेली मी चपला काढतानासुद्धा आवाज होऊ देत नाही. फेब्रुवारी सरला की सोलापूरचं ऊन आपला मूळ स्वभाव दाखवायला लागतं. दहाच्या आतच गॅलरीतली फरशी तळव्यांना चटके देते, कडुलिंबाची पिवळी पानं दारापर्यंत उडत येतात, आणि नवी पेठेतून आणलेल्या नव्या कंपासपेटीला तोच जुना पत्र्याचा वास येतो.

या सगळ्याचं मला काही नाही. मला धास्ती आहे ती दारावरच्या थापेची. आता थाप नसते, बेल असते, आणि तीही कसलीशी किणकिणती. तरी परीक्षेच्या दिवसांत ती वाजली की माझा हात आधी जागच्या जागी थांबतो आणि मग मी उठते. तीस वर्षं होत आली याला. सईला हे ठाऊक नाही. दार उघडायला आमच्या घरात एकदा उशीर झाला होता, किंवा खरं सांगायचं तर दार उघडलंच नव्हतं, हे पोरीला सांगावं की न सांगावं, यातच माझा हा मार्च चालला आहे. सांगितलं तर ती मला काय समजेल? आणि नाही सांगितलं तर ती स्वतः काय होईल?

आम्ही तेव्हा पूर्व भागातल्या एका बोळात राहायचो. दादा, म्हणजे माझे वडील, मंद्रूपचे. शेती भावांवर सोडून सरकारी कचेरीत कारकून म्हणून शहरात आलेले. आई अक्कलकोटच्या पलीकडची, तिचं माहेर कानडी. समोरच्या घरात नरसम्मा, तेलुगू बोलणारी. तिचा नवरा मागावर कामाला आणि ती उंबऱ्याशी सूप मांडीवर घेऊन विड्या वळत बसलेली. आमच्या भिंतीला भिंत लावून नसीमचं घर. तिचे अब्बा शिलाई मशीन दुरुस्त करायचे. त्यांचं घरातलं बोलणं दखनी. बोळ इतका अरुंद की एका घरात फोडणी पडली की चारही घरांत ठसका लागायचा. मागांची खटखट सकाळी सुरू व्हायची ती दिवे लागेपर्यंत. आम्हाला ती ऐकूच यायची नाही. थांबली की मात्र ऐकू यायची.

दारावर थाप पडली की आई आतून कानडीत ओरडायची, “यारू?” कोण आहे, एवढाच त्याचा अर्थ. बाहेरून उत्तर कधी नावानं आलं नाही. ‘मी’ आलं की दादा. ‘नेनू’ आलं की नरसम्मा, बहुधा विरजण मागायला. ‘मैं’ आलं की नसीम. प्रत्येकाचा ‘मी’ निराळा आणि आवाज ओळखीचा, मग नावाचं काम काय?

मी भारी वात्रट होते. नरसम्माच्या दारात जाऊन घोगऱ्या आवाजात ‘नेनू’ म्हणायचे आणि तिनं दार उघडलं की पळायचे. “तू तेलुगूच की गं!” ती ओरडायची. “चुकून तिकडं जन्मलीस!” नसीमच्या दारात ‘मैं’ म्हटलं की तिची अम्मी आतून विचारायची, “कौनसी मैं? घर की या बाजू की?” मी म्हणायचे, “बाजू की!” आणि दार उघडायचं. मी नक्की कोण, हा प्रश्न त्या वयात मला कधी पडला नाही. ज्या दारात उभी असेन तिथली मी. घरी पाणी ‘नीरू’, समोर ‘नीळ्ळू’, शेजारी ‘पानी’, आणि शाळेत गेल्यावर ‘पाणी’.

हे शेवटचं पाणी मला जरा जड जायचं. दादांची मंद्रूपची बोली माझ्या जिभेवर बसली होती. ‘ण’ माझ्या तोंडून ‘न’ होऊनच बाहेर पडायचा. आणि तो सुधारला कुणी? नसीमनं. तिच्या अब्बांनी हट्टानं तिला मराठी शाळेत घातलं होतं आणि ती कविता अशी म्हणायची की बाई मान डोलवायच्या. आम्ही पहाटे ओट्यावर पुस्तकं घेऊन बसायचो तेव्हा ती माझ्या डोक्यात टपली मारायची. “पानी नक्को बोल गे वैशे, पा-णी बोल!” सोलापूर सोडून कुठे एका मुसलमान मुलीनं दखनीतून एका मराठी मुलीचा ‘ण’ दुरुस्त केला असेल, मला माहीत नाही. आज मी वर्गात ‘ण’ शिकवते तो तिचा आहे.

गेल्या महिन्यात सराव पेपर तपासत होते. एका मुलीनं पत्रलेखनात लिहिलं होतं, ‘मला सहलीला जायला नक्को वाटते.’ माझं लाल पेन आपसूक पुढं गेलं, एक ‘क’ खोडला, भोवती गोल केला. पुढच्या पानावर गेले आणि परत मागं आले. गोल तसाच होता. चूक ती चूकच, बोर्डाच्या पेपरात तिचा अर्धा गुण जाईल, म्हणून खोडलं, यात काही खोटं नाही. पण मला बराच वेळ पुढचा पेपर हातात घेववेना.

आमचा मराठीचा पेपर झाला तो दिवस मला अजून वासासकट आठवतो. शाळेच्या नळावर गर्दी, ओल्या मातीत चिंध्या झालेले टाचणांचे कागद, आणि पोरींच्या वेण्यांना उन्हानं आलेला तेलाचा वास. पाणी प्यायला ओंजळ धरायची म्हणून मी माझं हॉल तिकीट नसीमच्या पॅडच्या चिमट्यात अडकवलं. घरी येईपर्यंत आम्ही निबंधावरून भांडत आलो. तिकीट तिच्याकडेच राहिलं. पुढचा पेपर बीजगणिताचा, मध्ये एक दिवस सुट्टी.

त्या सुट्टीच्या दिवशी साडेअकराच्या सुमाराला माग थांबले.

आधी एक, मग दुसरा, मग सगळेच. आई भाकरी थापता थापता थांबली. उन्हानं पांढऱ्या पडलेल्या बोळात एक कुत्रं मधोमध उभं राहून दोन्हीकडे बघत होतं. दादा कचेरीतून भर दुपारी परत आले, सायकल कधी नव्हे ती घरात घेतली आणि दाराला अडसर लावला. नवी पेठेत दुकानं धडाधड बंद झाली म्हणे. आईनं विचारलं, “काय झालं वो?”

“झालंय कायतरी.”

“कुणाचं? कुटं?”

“मला काय ठावं? लोकं पळत होती, मी बी निघालो.”

एवढंच. कोण कुणाला काय बोललं, कुणी कुणावर हात टाकला, कुणाला धड सांगता येईना. पण सांगता येत नाही म्हणून कुणाची भीती कमी झाली नाही, उलट ज्याला जे वाटेल ते त्या रिकाम्या जागेत बसलं. खिडक्या लावून घेतल्या. घरात रॉकेलचा आणि घामाचा वास कोंडला. भिंतीपलीकडून एरवी अम्मीची भांडी वाजायची, ती वाजेनात. पलीकडचेही आमच्यासारखेच श्वास धरून बसले असतील, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. मला वाटलं, ते गप्प का आहेत? काल निबंधावरून भांडलेल्या मैत्रिणीच्या घराबद्दल मला असं वाटलं, आणि ते माझ्या डोक्यात कुणी घातलं हे मला आजही सांगता येणार नाही.

आणि नेमकं तेव्हाच मला हॉल तिकीट आठवलं. दप्तर उपसलं, पुस्तकं झटकली, आणि मग तो चिमटा डोळ्यांपुढं आला. रडतच दादांना सांगितलं.

“भिंतीपल्याडच हाय की,” दादा म्हणाले. “उद्या सकाळी बगू. आता कुटं जातीस?”

भिंतीवर टकटक करायची आमची रीत होती. दोनदा म्हणजे ये, तीनदा म्हणजे अम्मी घरात नाही, चिंचा घेऊन ये. मी त्या भिंतीला पाठ लावूनच बसले होते. बोट उचलून दोनदा टकटक करायचं एवढंच होतं. मी नाही केलं.

मग दारावर थाप पडली. थाप कसली, बोटांची नुसती पेरं वाजली. आईच्या ओठांवर ‘यारू’ आलंच होतं, दादांनी तळहात वर करून तिला थांबवलं आणि स्वतः मराठीत विचारलं, “कोण?”

बाहेरून आवाज आला, “मी.”

‘मैं’ नव्हे. ‘मी’. अगदी स्वच्छ, शाळेतल्यासारखा, कविता म्हणताना यायचा तसा. बोळात त्या दिवशी कोणता ‘मी’ चालेल हे त्या पंधरा वर्षांच्या पोरीनं आपल्या घरातून आमच्या घरापर्यंतच्या चार पावलांत ओळखलं होतं. मी आवाज ओळखला. त्या एका अक्षरावरून ओळखला. आईनंही ओळखला असणार, कारण तिनं माझ्याकडे पाहिलं. दादांनी ओळखला की नाही, हे मी त्यांना शेवटपर्यंत विचारू शकले नाही.

“मी म्हंजी कोण?” दादा म्हणाले. “नाव न्हाय व्हय?”

अडसर माझ्यापासून तीन हातांवर होता. मी नुसतं ‘नसीम हाय ती’ म्हटलं असतं तरी झालं असतं. मला कुणी गप्प बस म्हटलं नव्हतं. हे मी स्वतःला इतक्या वर्षांत हजारदा सांगितलं आहे आणि त्यानं मला काडीचं बरं वाटलेलं नाही.

दाराखालच्या फटीतून एक कागद सरकत आत आला. आधी कोपरा, मग शिक्का, मग फोटो. दोन वेण्या, तेल लावून चापून बसवलेले केस, कॅमेऱ्याला घाबरलेले डोळे. दादा विचारत होते, मी म्हणजे कोण, आणि दाराखालून माझंच तोंड आत आलं. मग पावलं वाजली. अनवाणी होती. आवाज होऊ नये म्हणून तिनं चपला घातल्याच नव्हत्या, आणि बोळातली फरशी दुपारी कशी तापायची ते आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

दादांनी वाकून तिकीट उचललं. फुंकर मारली, सदऱ्याला पुसलं, देवापुढं ठेवलं. “मिळालं न्हवं?” म्हणाले. “बस मग अब्यासाला.” माझ्याकडे न बघता म्हणाले. त्या दुपारी मी वर्गसमीकरणाचं एकच उदाहरण संध्याकाळपर्यंत करत होते.

संध्याकाळी माग पुन्हा सुरू झाले. काहीच झालं नव्हतं म्हणे. कुठेतरी कुणाची तरी बाचाबाची, बस. दुसऱ्या दिवशी सकाळी नळावर आई घागर भरत होती आणि मी कळशी धरून उभी होते. नरसम्मा आली, इकडंतिकडं बघून आईला म्हणाली, “पोरगी लई येळ उभी होती की तुमच्या दारात.”

“तुला कसं कळलं?”

“फटीतनं बगितलं की.”

आई म्हणाली, “मग तू तरी उगडायचं होतंस. आत घ्यायचं होतंस.”

नरसम्मानं घागर नळाखाली सरकवली. “ती तुमच्याकडं आली होती,” म्हणाली, “माज्याकडं नव्हती.” तिच्या बोलण्यात राग नव्हता. बोळातलं प्रत्येक दार त्या दुपारी बंद होतं आणि प्रत्येक दाराच्या फटीला एक डोळा होता.

बीजगणिताच्या पेपराला जाताना मी नसीमला हाक मारली. ती थांबली. मी काय बोलणार होते कुणास ठाऊक, तिनंच म्हटलं, “वैशाली, उशीर होतोय.” वैशे नाही, वैशाली. गे नाही, नक्को नाही. व्याकरणात कुठेही चूक न काढता येणारं वाक्य. वर्गात ती माझ्या दोन बाक पुढं होती. तीन तास मी तिच्या वेणीची लाल रिबीन बघत होते. ती मागं वळली नाही.

त्यानंतर बोळात भांडण झालं नाही, कुणी कुणाला वाकडा शब्द बोललं नाही. ईदला शीरखुर्मा आला, दिवाळीला फराळ गेला. फक्त दारावर थाप पडली की लोक नाव सांगायला लागले. “मी नरसम्मा.” “मैं नसीम की अम्मी.” आईचं ‘यारू’ गेलं. ती मराठीत विचारू लागली, आणि हळूहळू तिचं कानडी फक्त माहेरच्या माणसांपुरतं आणि पुढं देवापुढं पुटपुटण्यापुरतं उरलं. मला आता कानडी येत नाही. वर्षभरानं दादांनी जुळे सोलापूरकडं घर बघितलं. “चांगली वस्ती हाय,” ते म्हणाले, “समदी आपल्यातलीच.” सामान टेंपोत चढवताना मी पहिल्यांदा मोजलं की ‘आपल्यातले’मध्ये कोण कोण धरायचं. बोळात असताना हे मोजायची वेळ आली नव्हती.

गेल्या वर्षी सईसाठी कापड घ्यायला नवी पेठेत गेले होते. गर्दीत एका दुकानाच्या पायरीवर एक बाई दुकानदाराशी हुज्जत घालत होती. पाठमोरी. “अहो, हा रंग धुतल्यावर राहणार नाही, मला शिकवू नका,” असं म्हणाली, आणि त्यातला ‘ण’ मी रिक्षांच्या भोंग्यांतही ओळखला. मी तिच्या मागं दोन पावलांवर होते. खांद्याला हात लावला असता तर ती वळून विचारणार, कोण? आणि त्यावर नुसतं ‘मी’ म्हणण्याची माझी छाती नव्हती. मी सईचा हात धरून पुढच्या गल्लीत वळले. सई म्हणाली, “आई, कापड घ्यायचं होतं ना?”

आता आम्ही राहतो त्या सोसायटीत माग नाहीत. काही थांबलं तर ऐकू येईल असं काही नाही. त्याऐवजी फोन थरथरतो. सोसायटीच्या ग्रुपवर सकाळी फुलांची चित्रं येतात आणि दुपारी सूचना. भाडेकरू घेताना विचार करा. आपल्यातलेच बघा. खाली रखवालदाराच्या वहीत आल्यागेल्यानं नाव, आडनाव, कुणाकडं आणि कशाला, सगळं लिहायचं. बी विंगमधलं एक घर सोसायटीचे नियम कडक होण्याआधी घेतलेलं, म्हणून आहे. त्या घरातली महेक ही सईची मैत्रीण. दोन वर्षं दोघी एकत्र अभ्यास करतात. महेक माझ्या स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी राहते, आणि मी तिसरी पोळी वाढली की ताटावर दोन्ही हात आडवे धरून ओरडते, “नक्को काकू, नक्को!” ते मी कधी दुरुस्त केलं नाही. घरात मला तो जास्तीचा ‘क’ ऐकायला आवडतो.

काल दोन पेपरांमधली सुट्टी होती, मीही शाळेतून रजा घेतली होती. आज बीजगणिताचा पेपर. दुपारी साडेबाराला फोन थरथरला आणि थरथरतच राहिला. शहरात काहीतरी झालंय म्हणे. काय, ते कुणी लिहिलं नव्हतं. एकानं लिहिलं, ऐकीव आहे पण काळजी घ्या. दुसऱ्यानं लिहिलं, मुलांना खाली सोडू नका, खात्री केल्याशिवाय दार उघडू नका. खाली हात जोडलेले. गॅलरीतून पाहिलं तर ऊन पांढरं पडलं होतं आणि रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. मी फोन पालथा ठेवला आणि ताक घुसळायला घेतलं. सईला काही सांगितलं नाही. तिच्याकडेही फोन आहे, हे मी विसरले होते.

बेल वाजली. माझा हात रवीवर थांबला. सई हॉलमध्ये होती, तीच उठली.

“कोण?”

बाहेरून आवाज आला, “मी.”

“मी म्हणजे कोण?” सई म्हणाली. “नाव नाही का?”

दादा सईच्या जन्माआधी गेले. मंद्रूपचं ‘म्हंजी’, ‘न्हाय’ आणि ‘व्हय’ या पोरीच्या कानावरून कधी गेलेलं नाही. त्या दुपारबद्दल मी तिला अवाक्षर बोललेले नाही. तरी वाक्य तेच होतं, शब्दाला शब्द. फक्त शुद्ध केलेलं, माझ्या लाल पेनाखालून गेल्यासारखं. तिनं आवाज ओळखला नसेल का? मी तिच्या तोंडाकडे पाहिलं, आणि तिनं माझी नजर चुकवली.

मी ताकाचे हात तसेच घेऊन धावले आणि दार सताड उघडलं. महेक उंबऱ्यापासून दोन पावलं मागं सरकून उभी होती, छातीशी सईची गणिताची वही धरून. मला बघून ती सरळ झाली, आणि खालच्या रखवालदाराला सांगावं तसं एका दमात म्हणाली, “काकू, मी महेक शेख. बी विंग, चारशे दोन.”

“अगं, आत ये ना,” मी म्हटलं. “आत ये बाळा. ताक केलंय.”

तिनं उंबऱ्याच्या बाहेरूनच हात लांब करून वही पुढं केली.

“नको, काकू,” ती म्हणाली. “इथूनच देते.”

‘नको’मध्ये एकच ‘क’ होता.